अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर?

हरियाणातलं फरीदाबाद म्हटलं की आठवतो तो ट्रॅक्टर. आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली याच गावातून बाहेर पडला, एस्कॉर्ट्सही इथलीच. दारूगोळा, तोफा, लढाऊ विमानं यांचा विषय निघाला की मात्र मराठी माणूस फरीदाबादचं नाही, खडकी, अंबरनाथ, वरणगाव, भद्रावती किंवा ओझरचं नाव घेतो. संरक्षण उत्पादनासाठी कुशल हात हवेत आणि त्यासाठी अप्रेंटिसशिप वाढवली पाहिजे, हे आता सगळेच बोलतात. पण अप्रेंटिसशिप म्हणजे नेमकं काय, याबद्दल कारखानदार, पालक आणि पोरं या तिघांच्याही डोक्यात बराच गोंधळ आहे.

‘संरक्षणाचं काम सरकारी कारखान्यांतच चालतं’

आयुध कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. त्यांतली म्युनिशन्स इंडिया पुण्यात आहे आणि यंत्र इंडिया नागपुरात. देशाचं संरक्षण उत्पादन २०२४-२५ मध्ये दीड लाख कोटी रुपयांच्या घरात गेलं आणि त्यात खासगी कंपन्यांचा वाटा सुमारे २३ टक्के होता. या सगळ्या मालातला बोल्ट, स्प्रिंग, होजचं फिटिंग, मशीनिंग केलेलं कास्टिंग हे पुरवठादाराच्या पुरवठादाराकडून येतं. फरीदाबादच्या सेक्टर ६, २४, २५ मधल्या छोट्या शॉपसारख्या ठिकाणी अशी कामं होतात. तिथला टर्नर आज ट्रॅक्टरचा पार्ट काढतो. उद्या त्याच लेथवर सैन्याच्या वाहनाचा पार्ट काढायचा, तर हात तोच लागेल. शिस्त मात्र वेगळी हवी. कोणत्या हीटचं, म्हणजे भट्टीच्या कोणत्या खेपेचं, मटेरियल वापरलं, पहिला पीस कोणी तपासला, वेल्डिंग कोणी केलं, या सगळ्याचा माग कागदावर राहिला पाहिजे.

‘अप्रेंटिस म्हणजे कमी पगाराचा मजूर’

हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे, कारण तो अनुभवातून आलेला आहे. १९६१ चा अप्रेंटिस कायदा म्हणतो की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे. म्हणून त्याला प्रॉव्हिडंट फंड लागू होत नाही. सुरक्षा, कामाच्या तासांची मर्यादा आणि अपघाताची भरपाई मात्र त्यालाही आहे. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठेवलं. २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने ते ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली. हरियाणातल्या अकुशल मजुराच्या किमान वेतनापेक्षाही २०१९ चे हे आकडे कमी आहेत. मग एखादा मालक त्या पोराच्या हातात झाडू आणि ट्रॉली देऊन मोकळा होतो, यात नवल ते काय? हे बेकायदा आहे, तरी घडतं.

खरी अप्रेंटिसशिप ओळखायची तर पोराच्या हातात काय आहे ते बघावं. फिटर ट्रेडचा पोरगा आधी व्हाइसमध्ये लोखंडी तुकडा धरून कानस चालवतो. गुण्या लावून तो उजेडाकडे धरतो आणि फट दिसली की पुन्हा कानस. दिवसभर हेच, कंटाळा येईपर्यंत. मग व्हर्नियर येतो, मग मायक्रोमीटर, मग ड्रॉइंगवरचा टॉलरन्स. हायड्रॉलिक फिटिंगच्या आडव्या भोकात ड्रिलची बारीक बर, म्हणजे धातूची टोकदार कड, राहते. ती वरून दिसत नाही, काडी फिरवून बोटाला कळते. तीच बर पुढे तेलात सुटली तर व्हॉल्व्ह अडकतो. सीएनसी मशीन प्रोग्रॅमप्रमाणे भोक पाडून देईल, पण त्या भोकात काडी फिरवायला हवी हे उस्तादच शिकवतो.

‘छोट्या युनिटला हे झेपत नाही’

३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे आणि या मनुष्यबळात ठेकेदाराची माणसंही मोजायची असतात. चार ते २९ माणसांच्या युनिटला ते ऐच्छिक आहे. म्हणजे सेक्टर २४ मधल्या सहा लेथवाल्यालाही दार उघडं आहे. २०१६ च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं. २०२३ पासून तो थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो.

खरा खर्च पैशाचा नाहीच. शिकवताना उस्तादाचं उत्पादन थांबतं आणि जॉब बिघडतात, ते कुठल्याच योजनेत भरून मिळत नाही. त्यात कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने कमी पडलेल्या प्रत्येक अप्रेंटिसमागे पहिले तीन महिने दरमहा ५०० आणि पुढे दरमहा १,००० रुपये दंड ठेवला. विद्यावेतनापेक्षा दंडच स्वस्त! असा हिशेब मालकाला तोंडपाठ असतो.

‘वर्ष संपलं की नोकरी पक्की’

नाही. नोकरी देण्याचं बंधन कायद्यात नाही, फक्त मालकाने भरतीचं आपलं धोरण ठरवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात म्हटलं की बाकी सगळं सारखं असेल तर प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. भंडारा, चांदा, देहूरोड इथल्या कारखान्यांनी ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ म्हणजे स्फोटकांच्या कामावरच्या कामगाराच्या जागेसाठी आयुध कारखान्यांच्याच माजी अप्रेंटिसना बोलावलं, पण तेही ठरावीक मुदतीच्या करारावर. पोराला हे आधी सांगितलेलं बरं.

‘हा मार्ग नापासांचा’

माझगाव डॉकच्या प्रशिक्षण शाळेत आठवी पास मुलगा येतो आणि दुसरीकडे अभियांत्रिकीचे पदवीधरही अप्रेंटिस होतात. हा मुद्दा एवढ्यावरच संपतो.

‘शिकत शिकत काम करणं ही परदेशी कल्पना’

निदान फरीदाबादने तरी असं म्हणू नये. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या हजारो निर्वासितांनी हे औद्योगिक गाव स्वतःच्या हातांनी बांधलं. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन कोऑपरेटिव्ह युनियनने त्यांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या, फरीदाबाद विकास मंडळाचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद होते आणि बैठकांना नेहरू येत. जर्मनीकडून युद्धभरपाईत मिळालेला डिझेल वीजसंच कोलकात्यात पडून होता. काल दुकानदारी किंवा शेती करणाऱ्या या माणसांनी शिकत शिकत तो इथे उभा केला. १९६९ मध्ये जर्मन मदतीने इथे वायएमसीएची तांत्रिक संस्था सुरू झाली, तीच आजचं जे. सी. बोस विद्यापीठ. शेजारच्या पलवल जिल्ह्यात दुधोला इथे २०१६ मध्ये स्थापन झालेलं विश्वकर्मा कौशल्य विद्यापीठ आहे. परंपरा आहे, संस्था आहेत. कमी पडतो तो कारखान्याच्या आतला उस्तादाचा वेळ.

म्हणून ‘इतके लाख अप्रेंटिस’ ही घोषणा ऐकली की मी दोन आकडे शोधते: अखेरच्या परीक्षेला किती बसले आणि किती पास झाले. मध्येच सोडून गेलेले घोषणेच्या आकड्यात झाकले जातात. उमेदवाराने सही करण्याआधी पाहायचं ते आणखी साधं. करार अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदला आहे का, त्यावर ट्रेडचं नाव फिटर, मशीनिस्ट असं स्पष्ट लिहिलं आहे का, विद्यावेतन बँकेत येणार का, आणि शिकवणारा माणूस कोण. शेवटच्या प्रश्नावर सुपरवायझर ‘बघू’ म्हणाला, तर दुसऱ्या कारखान्याचा पत्ता विचारावा.