ज्वालामुखीच्या अंगणात

ज्वालामुखी हा शब्द ऐकला की आपले मन लगेच परदेशी धावते. जपानचा फुजियामा, इटलीचा व्हेसुव्हियस, नाहीतर कॅरिबियन समुद्रातली ती चिमुकली बेटे! सेंट लुसिया बेटावर समुद्रकाठी उभे असलेले पिटॉन नावाचे दोन सुळके आणि जवळच्या सूफ्रिएर गावालगत खदखदणारी गंधकमिश्रित पाण्याची डबकी पाहायला जगभरातून प्रवासी जातात. भूगोलाच्या तासाला हे सारे ऐकताना आमच्या वर्गातही एक सुस्कारा ऐकू आला, ‘आपल्या नशिबी कुठले असले देखावे!’

वाचकहो, या सुस्काऱ्याचे उत्तर म्हणून हा लेख लिहीत आहे. नाशिकच्या भोवतालचा जवळजवळ प्रत्येक डोंगर ज्वालामुखीच्या लाव्ह्यातूनच घडलेला आहे. ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेण्यांचा डोंगर, सप्तशृंगी, साल्हेर हे सारे एकाच अग्नीची लेकरे. फरक इतकाच की कॅरिबियनमधली आग अजून विझलेली नाही, आणि आपली विझून सहा कोटींहून अधिक वर्षे लोटली.

ही आग पेटली कशी? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आजच्या जागी नव्हता. तो हिंदी महासागरातून उत्तरेकडे सरकत होता. सरकता सरकता तो पृथ्वीच्या पोटातल्या एका अतितप्त जागेवरून गेला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. ती जागा आज रीयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही अधूनमधून लाव्हा ओकतो. म्हणजे नात्याने ते बेट आपल्या सह्याद्रीचे धाकटे भावंडच म्हणायचे. त्या काळी आपल्याकडे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा उतू जाणाऱ्या दुधासारखा चहूकडे पसरला. एक थर थंड झाला की काही काळाने त्यावर दुसरा, मग तिसरा. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आज उरलेल्या त्याच्या भागाचे क्षेत्रफळही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरते. डायनोसॉर नाहीसे झाले तो काळही हाच. मेक्सिकोजवळ कोसळलेली उल्का त्याला कारण झाली असे बहुतेकांचे मत आहे. आपल्या या लाव्ह्याचाही त्यात किती वाटा होता, यावर अजून वाद चालतो.

कॅरिबियनच्या ज्वालामुखीचा स्वभाव मात्र निराळा. तिथे समुद्राचा तळ शेजारच्या भूपट्टाखाली सरकत जातो, त्यामुळे खाली तयार होणारा शिलारस घट्ट आणि वायूंनी भरलेला असतो. तो वाहत नाही, फुटतो. १९०२ साली मार्टिनिक बेटावरचा माँ पले असाच फुटला आणि काही मिनिटांत सेंट पियेर शहर बेचिराख झाले. सुमारे २८ हजार माणसे मेली. मॉन्टसेराट बेटावर १९९५ साली उद्रेक सुरू झाला आणि पुढे प्लिमथ ही राजधानीच लोकांना सोडून द्यावी लागली. आपला लाव्हा पातळ होता, म्हणून तो पसरला. आपल्याकडे शंकूच्या आकाराचे डोंगर दिसत नाहीत, सपाट माथ्याचे आणि पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, याचे मूळ कारण हे. शास्त्रज्ञ दख्खनच्या या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द पायरी अशा अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

या पायऱ्या नीट पाहिल्या तर डोंगर पुस्तकासारखा वाचता येतो. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट असतो. त्याचा उभा कडा होतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकलेले असतात. तो लवकर झिजतो आणि त्याचा उतार होतो. कडा, उतार, पुन्हा कडा, अशी ही मांडणी. दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटेसारखा तांबडा पट्टा दिसतो. तो म्हणजे दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीची खूण. त्या काळात खडकाची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे असा तांबडा पट्टा शोधून पाहावा.

आता कुठे काय पाहावे ते सांगते.

पहिला मान त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीचा. सुमारे १३०० मीटर उंचीच्या या डोंगरावर गोदावरी उगम पावते आणि १४६५ किलोमीटरचा प्रवास करून पूर्वेच्या समुद्राला मिळते. गौतम ऋषींची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहेच. खडकाची कथा अशी, की पावसाचे पाणी कातळातल्या भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून झिरपत जाते आणि खाली घट्ट थर लागला की झरा होऊन बाहेर पडते. दोन्ही कथा मनात ठेवून गंगाद्वाराच्या पायऱ्या चढाव्यात, एकीने दुसरीला बाध येत नाही. वाटेवरच्या अंजनेरीच्या पठारावर पावसाळ्यानंतर रानफुले फुलतात. ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ या दुर्मिळ वनस्पतीला तर नावच या डोंगरावरून मिळाले आहे. तिथे पाऊल जपून टाकावे.

दुसरा हरिहर गड. त्याच्या कातळात खोदलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्या पाहून छाती दडपते. खोबणीत बोटे अडकवून चढावे लागते. निसर्गाने लाव्ह्याच्या पायऱ्या केल्या, माणसाने त्यांतच आपल्या पायऱ्या खोदल्या. गडांचे सारे रहस्यच या खडकात आहे: घट्ट थराचा कडा हा आयता तट, आणि त्याच थरात खोदलेल्या टाक्यांतून पाणी झिरपत नाही. बागलाणातला साल्हेर हा १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ साली मराठ्यांनी त्याच्या पायथ्याशी मोगलांना उघड्या मैदानात हरवले. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तो आहे.

तिसरे ठिकाण शहरालगतचे, म्हणूनच आपण न पाहिलेले. पांडवलेण्यांची त्रिरश्मी टेकडी! इथे २४ लेणी आहेत आणि त्यांतली जुनी दोन हजार वर्षांपूर्वीची. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम एका आईने कातळावर कोरून घेतले आणि ते आजही वाचता येतात, कारण हा दगड सहजासहजी झिजत नाही.

चौथे सिन्नर. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत पुढे गरम पाणी शिरले आणि त्यातले क्षार स्फटिक होऊन बसले. त्यांतूनच झिओलाइट गटातली खनिजे झाली. हिरवट अपोफिलाइट, फिकट गुलाबी स्टिल्बाइट, सुयांच्या जुडग्यासारखा स्कोलेसाइट हे नाशिक परिसरातले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. माळेगाव औद्योगिक वसाहतीतल्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ते पाहता येतात. सिन्नरलाच काळ्या दगडाचे गोंदेश्वर मंदिर आहे, तेही त्याच फेरीत होते. आणि मनमाडकडे गाडीने गेलात तर खिडकीशी बसा. अंकाई-टंकाईची जोडी आणि हडबीच्या शेंडीचा अंगठ्यासारखा सुळका, दोन्हींना तिकीट लागत नाही.

या विषयाकडे मी वळले ते सहलीच्या हौसेने नव्हे. माझे वडील खाणीवर दगड फोडतात. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्यात ठरावीक दिशेने भेगा पडतात, हे मी पुस्तकात वाचले आणि घरी सांगितले. वडील म्हणाले, “त्यालाच आम्ही दगडाची शीर म्हणतो. शीर सापडली की घण थोडका लागतो, नाही सापडली तर दिवस जातो.” ते शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण घणाचा आवाज ऐकून दगड आतून पोकळ आहे की भरीव हे सांगतात. पोकळ निघाला की आत चकाकणारे खडे असतात. ते कोणी तरी चार पैसे देऊन घेऊन जाई. ते खडे काचेच्या कपाटात, लॅटिन-ग्रीक नावांच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेले मी पुढे सिन्नरला पाहिले.

म्हणून डोंगर वाचवा असे नुसते म्हणणे मला जड जाते. माझी फी त्याच दगडातून आली आहे. रस्ते, धरणे, आपल्या महाविद्यालयाच्या भिंती, सगळ्यांना खडी लागते. पण सगळे डोंगर सारखे नसतात. २०२१ साली ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी चाललेल्या खोदकामाविरुद्ध नाशिककरांनी आवाज उठवला, तेव्हा मी वडिलांना विचारले, तुम्हांला काय वाटते? ते म्हणाले, “खडी कुठनंबी मिळंल. झरा कुठनं आणायचा?” ज्या थरातून पाणी झिरपते तो थर तोडला की झऱ्याची वाटच तुटते, मग कितीही पाऊस पडो. कुठे तोडायचे आणि कुठे हात लावायचा नाही हे ठरवायचे असेल, तर आधी डोंगर ओळखता आला पाहिजे. दगड फोडणाऱ्यांच्या पोटाचीही त्यात सोय पाहिली पाहिजे.

सेंट लुसियात स्थानिक माणसेच वाटाडे होऊन प्रवाशांना आपल्या ज्वालामुखीची माहिती सांगतात आणि त्यावर त्यांची घरे चालतात. आपल्याकडे हरिहरच्या पायथ्याच्या गावात चहा आणि पिठले-भाकरी मिळते, पण हा डोंगर कसा झाला हे सांगणारा भेटत नाही. भूगोल आणि इतिहास या दोन्ही विभागांनी मिळून वर्षातून एक सहल अशी काढावी, की जिच्यात विद्यार्थी गावातल्या मुलांना थर आणि शिलालेख वाचायला शिकवतील आणि गावकरी आपल्याला झऱ्यांच्या जागा आणि वाटा दाखवतील, अशी माझी नम्र सूचना आहे. खाणीवरच्या एखाद्या जुन्या माणसालाही व्याख्यानाला बोलवावे. त्याला व्यासपीठ नको, एक घण आणि एक दगड पुरे.