अनोळखी कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावताय?
सातबारा असो वा परीक्षेचा फॉर्म, आपण पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जातो. तिथल्या एकाच कॉम्प्युटरला गावभरचे पेनड्राइव्ह लागतात. व्हायरस तिथूनच घरोघर पोचतो.

सर्वात त्रासदायक शॉर्टकट व्हायरस. तो तुमचं फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो. डबल क्लिक केलं की फोल्डर उघडतंही, म्हणून शंका येत नाही. पण मागे व्हायरस चालू झालेला असतो. फोल्डरच्या चित्रावर छोटा बाण दिसला की थांबा, आधी अँटिव्हायरसने स्कॅन करा. आणि घाबरून फॉरमॅट मारू नका! फाइली बहुतेक वेळा फक्त लपलेल्या असतात, परत मिळतात.

‘आमच्याकडे नेटच नाही’ असं म्हणून निर्धास्त राहू नका. २०१० मध्ये उघड झालेला स्टक्सनेट नावाचा घातक प्रोग्राम इराणच्या नतान्झ अणुकेंद्रात शिरला, बहुधा पेनड्राइव्हमधूनच, आणि तिथली यंत्रणा इंटरनेटला जोडलेलीच नव्हती.

केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून सी-डॅक या सरकारी संस्थेचं ‘यूएसबी प्रतिरोध’ हे सॉफ्टवेअर मोफत दिलंय. परवानगी नसलेला पेनड्राइव्ह ते चालूच देत नाही. दुकानदार बंधूंनो, तुम्ही तर नक्की बघा. आणि बाकीच्यांनी छपाईसाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, त्यात फक्त लागणारी फाइल.