शेगावची सेवा आणि आपलं गाव

मंडळी, शेगावला आपण दर्शनाला जातो, प्रसाद घेतो, माघारी येतो. पण तिथं ताट वाढणारा, चपला सांभाळणारा तो माणूस कोण, हे कधी विचारलंत का? तो सेवाधारी. त्यात कितीतरी आपल्यासारखेच शेतकरी. पेरणी-डवरणी उरकायची, घरी सांगायचं आणि पाळीनं सेवेला यायचं. मजुरी नाही.

गजानन महाराज संस्थान १९०८ सालचं. माघात प्रकटदिन, आषाढीला पंढरपूरची पायी वारी, भाद्रपदात ऋषिपंचमीची पुण्यतिथी असं त्याचं वर्ष. पण उत्सव सरले तरी काम सरत नाही. रुग्णसेवेचा दवाखाना, सातपुड्यातल्या आदिवासींसाठी फिरतं रुग्णालय, मतिमंद मुलांची शाळा ही सेवा बारमाही चालते.

अडचण आहे ती आपल्या बाजूला. सेवा दारात उभी असते, पण गावातली एकटी म्हातारी तिथवर पोचत नाही. तिला नेणार कोण?

तेव्हा सरपंच, पोलीस पाटलांनी ग्रामसभेत अशा घरांची यादी करावी. आणि तुम्ही एवढंच करा : दवाखान्याची वेळ विचारून घ्या, अन् दर्शनाला निघालेल्या गाडीत एक जागा आजाऱ्यासाठी राखून ठेवा. तीही सेवाच.