सरळ रेघेची कारागिरी

जुन्या रंगीत टीव्हीची भूमिती तपासायला मुरलेला मेकॅनिक कुठलाही कार्यक्रम लावत नसे. पॅटर्न जनरेटर जोडायचा आणि पडद्यावर उभ्या-आडव्या पांढऱ्या रेघांची जाळी आणायची. बातम्या देणाऱ्याचा चेहरा जरा रुंद झाला तर तो कुणाच्या ध्यानात येत नाही. जाळीतली वाकडी रेघ मात्र लपत नाही.

पिक्चर ट्यूबच्या मानेतल्या गनमधून निघालेल्या शलाकेला योकच्या कॉइल वळवतात. आपल्या पॅल पद्धतीत ती सेकंदाला १५,६२५ वेळा आडवी आणि ५० वेळा उभी फिरते. पण ती जिथे वळते तिथून पडद्याचा मध्य जवळ, कोपरे लांब. लांब जाणारी शलाका जास्त फाकते. त्यामुळे काहीच उपाय केला नाही तर चौकटीचे कोपरे बाहेर ताणले जातात आणि कडा मधोमध आत दबतात. याला पिनकुशन म्हणतात. पडदे सपाट होत गेले तसा हा दोष वाढला. म्हणजे त्या काचेवर सरळ रेघ आपोआप उमटतच नाही, ती कुणीतरी आणावी लागते. मला याचं आजही अप्रूप वाटतं.

वरच्या-खालच्या कडांचा बंदोबस्त नंतरच्या बऱ्याच ट्यूबमध्ये योकच्या वाइंडिंगमध्येच केलेला असे. डाव्या-उजव्या कडांसाठी ईस्ट-वेस्ट करेक्शनचं सर्किट. शलाका वरून खाली येताना आडव्या कॉइलचा करंट ते सतत बदलतं, टोकांना कमी, मध्यावर जास्त. त्यातलं एखादं सोल्डर सुटलं तरी कडा वाकतात.

खरं कसब क्रमात आहे. आधी पॉवर सप्लायचं व्होल्टेज मोजायचं. ते पडलं असेल तर चित्र चहूबाजूंनी आकसतं, आणि अशा वेळी नुसती रुंदी वाढवणारा माणूस दुखणं झाकतो. चित्र वर ताणलेलं आणि खाली दाटलेलं असेल, तर प्रीसेट (जुळणीचे छोटे स्क्रू) फिरवण्याआधी व्हर्टिकल सेक्शनचे वाळलेले कपॅसिटर बदलावेत. मग उंची, लिनिॲरिटी, मध्य, आणि सगळ्यात शेवटी ईस्ट-वेस्ट.

हे सारं सेटच्या मागे उभं राहून. चित्र पुढे, प्रीसेट मागे. म्हणून समोरच्या खुर्चीवर घरातलाच आरसा टेकवायचा, एक हात खिशात ठेवायचा आणि दुसऱ्या हातातला प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर आरशात बघत जरा-जरा फिरवायचा. हात खिशात, कारण ट्यूबच्या ॲनोडवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात. चित्र तिरकं असेल तर योकचा स्क्रू ढिला करून तो किंचित फिरवावा लागतो. पण रंगीत सेटमध्ये योक आणि काच यांच्यामध्ये रबरी पाचरी चिकटवलेल्या असतात. त्या हलल्या की तीन रंग एकमेकांपासून सुटतात, पांढऱ्या रेघेला लाल-निळी किनार येते. इथे घाई करणाऱ्याने योकला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे प्रीसेट गेले आणि रिमोटने उघडणारा सर्व्हिस मेन्यू आला. काम बसल्या जागी होऊ लागलं. तिथेही पहिले आकडे वहीत उतरवून घ्यायचे आणि मगच बदलायचे, कारण सेटच्या मेमरीत नवा आकडा बसला की जुना परत मिळत नाही.

आज जुन्या व्हिडिओ गेमचे शौकीन असे सेट जपतात आणि जाळीतली प्रत्येक रेघ ओळंब्यात हवी म्हणतात. नवा सेटसुद्धा कारखान्यातून कोपऱ्यात थोडासा वाकडा निघत असे. तेवढा बाक राहू द्यावा. तो काढायला ट्यूबवर चुंबकाचे तुकडे चिकटवले की त्याच कोपऱ्यातले रंग बिघडण्याची भीती असते.