पाच रुपयांचं तेल

"मावशी, गेल्या तीस दिवसांत घरात तेल किती लागलं?" बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर मी विचारलं, तर बाई हसायलाच लागली. "साहेब, आम्ही कुठं डबा आणतो? हाती पैसा आला की पाच रुपयांचं आणायचं." महिन्याचा हिशेब महिन्याचा किराणा भरणाऱ्यांचा. शेवटी आम्ही दोघांनी मिळून आकडा जमवला: आठवड्यातून चारदा, म्हणजे महिन्यात सतरा वेळा. सरकारच्या घरखर्च पाहणीत माझी उभी नोकरी असले आकडे जमवण्यात गेली.

याच आकड्यांवरून पुढं जागतिक बँक गरीब मोजते. 1990 मध्ये तिची रेषा दिवसाला एक डॉलर होती. जून 2025 पासून तीन. हा डॉलर बँकेत बदलून मिळणारा नव्हे. अमेरिकेत एका डॉलरला जे येतं, ते इथं घ्यायला वीसेक रुपये पुरतात, असा तो हिशेब. म्हणजे 2021 च्या भावानं माणशी रोज साठेक रुपये. रेषा 2.15 वरून 3 वर नेली, भावांचे तक्ते नवे आले, आणि जगात साडेबारा कोटी अतिगरीब वाढले. कुणाच्या चुलीवरचं भांडं तसूभर हललं नव्हतं!

पण रेषेइतकीच करामत प्रश्नाचीही असते. 1994 ते 1998 या काळात आमच्या पाहणीत काही घरांना अन्नाचा खर्च तीस दिवसांचा विचारला, काहींना सात दिवसांचा. सातवाल्यांना जास्त आठवलं, खर्च फुगला आणि देशातली गरिबी कागदावर जवळपास निम्मी झाली. 1999-2000 ला तर दोन्ही रकाने शेजारी शेजारी. सातचा आकडा चारानं गुणून तीसच्या रकान्याशी मीही जुळवून घेतलाय. संध्याकाळची एसटी गाठायची असे.

आता बँक सांगते, भारतात अतिगरीब 2011-12 मध्ये 27.1 टक्के होते, 2022-23 मध्ये 5.3. गरिबी घटली हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यात वाद नाही. पण नव्या पाहणीत एका घरी एकाऐवजी तीन खेपा झाल्या. दोन वेगळ्या मापांनी मोजलेलं धान्य एका ओळीत मांडताना जरा जपूनच बोलावं.

आणि एक राहिलंच. दिवाळीनंतर बीडच्या त्याच भागात गेलो, तर पाहणीच्या यादीतल्या घरांना कुलपं. कोयत्यावर गेलेली माणसं गुढीपाडव्याच्या आसपास परतायची. घर बंद असलं की यादीतलं दुसरं घर घ्यायचं, हा नियम. मी तसंच केलं. ज्यांना ऊस तोडायला जावं लागलं नव्हतं, त्यांच्या ओट्यावर बसून मी तेलाचा प्रश्न विचारला.