गळा अडला, तिथून पुढचं गाणं

जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलच्या वजनकाट्यावर मी नोकरीला आहे. रात्रपाळीत भंगाराच्या गाड्या आत येतात, सळईच्या बाहेर जातात आणि मधल्या वेळात माझ्या मोबाइलवर गाणं चालू असतं. पावतीसाठी खिडकीशी थांबलेला एखादा ड्रायव्हर विचारतोच, ‘‘भाऊ, हे नुस्तं आ आ करायलेत, ह्यात समजायचं काय?’’ राग-ताल सांगायला लागलो की त्याचं लक्ष गाडीकडे जातं. म्हणून मी गाणाऱ्याची गोष्ट सांगतो.

भीमसेन जोशींची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकली आणि अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडलं. पण ती रेकॉर्ड पुष्कळांनी ऐकली होती. प्रेरणा कुठून आली, यापेक्षा गाणं कुठं अडलं, हे विचारलं की मला जास्त सापडतं.

अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचंच बघा. घराणं धृपदियांचं, तयारी भरपूर. अमलेटा संस्थानात ओळीनं मैफली करून त्यांचा गळा बसला आणि पूर्वीचा आवाज काही परत आला नाही. नुसत्या गोडव्यावर मैफल मारायची सोय उरली नाही. मग त्यांनी वजन टाकलं ते लयीवर आणि बांधणीवर. आकार, म्हणजे तेच ‘आ आ’, मात्रेला घट्ट धरून चालतो, तान वाकडी वळणं घेते, पण समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, बिनचूक येते. त्याला अनवट रागांची जोड मिळाली. हीच जयपूर-अत्रौली गायकी. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी ती रुजली. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून अंतराळात गेली.

दुसऱ्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर. गोव्यातल्या कुर्डी गावच्या. नाटक कंपनीतलं काम सुटलेली ही मुलगी सांगलीत एकटीच रियाज करत बसायची. औषधोपचारासाठी सांगलीत आलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर तो पडला आणि ते आपणहून शिकवायला लागले. पण पुढं मुंबईत इतरांच्या विरोधामुळं ही तालीम तुटली. मोगूबाई आग्रा घराण्याच्या विलायत हुसेन खाँकडे शिकल्या, मग अल्लादियांचे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे. अल्लादियांचा रीतसर शिष्यत्वाचा गंडा बांधला गेला तो १९३४ साली. ही सगळी कमाई त्यांनी लेकीच्या, किशोरी आमोणकरांच्या हाती दिली.

कुमार गंधर्वांचं अडणं तर थेट श्वासाचं. देवधर मास्तरांकडे शिकलेला, लहानपणापासून गाजलेला हा गायक पंचविशी गाठायच्या आत क्षयानं आडवा झाला. कोरड्या हवेसाठी १९४८ साली देवासला मुक्काम हलवला. पाचेक वर्षं गाणं बंद. एक फुफ्फुस कायमचं निकामी. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर यायची ती माळव्यातली लोकगीतं. बरे होऊन गायला बसले तेव्हा छोट्या, धारदार फेका होत्या. मध्येच तार षड्जाची झेप आणि तिच्यामागे शांतता. लोकधुनांतून त्यांनी नवे रागही बांधले. कमी श्वासावरची ही मांडणी ऐकताना काही कमी आहे असं वाटत नाही.

आमच्या मिलमध्ये तापून लाल झालेल्या सळईवर पाण्याचा मारा बसतो, वरचा थर कडक होतो आणि सळई टिकते. पण मुळात सळई ज्यातून निघते ते बिलेटच हलकं असेल तर पाणी काय करणार? गळे बसलेले, तालीम तुटलेली, आजारानं गाणं सुटलेली माणसं पुष्कळ होती. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. अल्लादियांकडे घराण्याची विद्या होती, कुमारांकडे देवधरांची तालीम आणि उघडा कान; मोगूबाई तर कुणी ऐकणारं नसतानाही रियाजाला बसत होत्या. अडचणीनं त्यांना गाणं दिलं नाही; होतं त्या गाण्याला दुसरी वाट घ्यायला लावली.

ड्रायव्हरला मी एवढंच सांगतो, मांडीवर हातानं ताल धर आणि केसरबाईंची तान समेवर कशी उतरते ते बघ. तेवढं पकडलं तरी ‘आ आ’मधलं पुष्कळ हाती आलं.