पाच चमचे आण बरं!

तुमचं पिल्लू धडाधड वन-टू-हंड्रेड म्हणून दाखवतं? सही! आता त्याला किचनमधून फक्त पाच चमचे आणायला सांगा...

घरी पाहुणे आले की पोरांनी काहीतरी 'करून दाखवायचं', ही आपली जुनी खोड. आधी शुभंकरोती असायचं, आता आकडे असतात. साडेतीन वर्षांचा चिरंजीव सोफ्यावर उभा राहून शंभरपर्यंत सुसाट जातो, टाळ्या पडतात, आई-बाबांची कॉलर ताठ. पण याच चिरंजीवांना 'पाच चमचे आण' म्हणा. ते मूठभर चमचे घेऊन येतात आणि वर विचारतात, 'एवढे?'

टेन्शन घेऊ नका. तुमचं मूल एकदम नॉर्मल आहे. आकडे म्हणणं आणि मोजणं या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. आकडे म्हणणं हे गाणं पाठ करण्यासारखं. कॅरन विन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या सुमारास छोट्यांकडून नेमकं हेच करून घेतलं. समोर खेळण्यांचा ढीग आणि त्यातून 'मला एक दे', 'दोन दे', 'तीन दे'. दिसलं असं, की मुलांना आधी फक्त 'एक' कळतो. दोन मागितले काय, चार मागितले काय, ती मूठ भरून देतात. काही महिन्यांनी 'दोन' कळतो, मग 'तीन'. आणि साधारण साडेतीन-चारच्या आसपास कधीतरी ट्यूब पेटते, की मोजताना शेवटी जो आकडा तोंडात येतो, तेवढ्याच वस्तू समोर आहेत. गणितातला हा त्यांचा पहिला मोठा शोध. तो पाठांतरातून लागत नाही, हातात वस्तू घेऊन लागतो.

या वयातल्या समजुतीला वजन किती? २००७ मध्ये ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या सहा मोठ्या पाहण्यांचे आकडे एकत्र तपासले. शाळेत पाऊल टाकताना मुलाला असलेली आकड्यांची समज आणि त्याची पुढची शालेय प्रगती यांचं नातं सगळ्यात घट्ट निघालं, वाचनाच्या तयारीपेक्षाही. हे वाचून लगेच ॲबॅकसच्या क्लासला फोन फिरवू नका, प्लीज. आठ वाजता घरी पोहोचणाऱ्या, डोक्यात अजून उद्याचं प्रेझेंटेशन घोळत असलेल्या माणसाकडेही पंधरा मिनिटं आणि एक किचन असतंच.

किचन नावाची लॅब

सुरुवात ताटांपासून. 'चार वाट्या आण' असं सांगूच नका. 'प्रत्येकाला एक वाटी हवी' एवढंच म्हणा. मग ते पोर आईला एक, बाबाला एक, आजीला एक असं करत खेपा घालतं. माणसागणिक एक वाटी ही जोडी जमणं म्हणजेच मोजण्याचा पाया. चार दिवसांनी ते दारातूनच घरातली माणसं मोजून एकदम चार वाट्या उचलेल. मग तुम्ही गुगली टाका, 'आज आजीचा उपास आहे, आता?' वजाबाकी हा शब्दही न उच्चारता वजाबाकी झाली.

थंडीत मटार सोलताना शेंग उघडायच्या आधी पैज लावा, आत किती दाणे? बाहेरून चाचपून अंदाज, मग उघडून मोजणी. (हरलेल्याने दाणे खायचे. हरायला सगळेच तयार असतात.) घडीची पोळी लाटताना पोळपाटाशी उभं करा. गोल, एक घडी घातली की अर्धा, दुसरी घातली की पाव. तिसरीत अपूर्णांक येतील तेव्हा हा त्रिकोणी तुकडा आठवेल किंवा नाही आठवणार. पण 'अर्ध्याचं अर्धं' हाताने केलेलं असेल.

आजोबांना एकी-बेकी नक्की येत असेल. मुठीत चिंचोके लपवायचे, समोरच्याने 'एकी' की 'बेकी' ते सांगायचं, मग दोन-दोनच्या जोड्या लावून बघायचं. एक उरला की एकी. सम-विषम शिकवायचा इतका फक्कड प्रकार कुठल्याही एज्युकेशनल टॉयच्या खोक्यात मिळणार नाही.

एक खेळ मात्र निव्वळ बघण्यासाठी. पाच-पाच बिस्किटांच्या दोन सारख्या ओळी लावा. कुठे जास्त? 'सेम.' आता त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ पसरून लांब करा. चार वर्षांचं मूल बहुतेक वेळा ठामपणे सांगतं, लांब ओळीत जास्त बिस्किटं! स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांचा हा गाजलेला प्रयोग. इथे 'अरे, असं कसं?' म्हणून समजवायला जाऊ नका. बिस्किटं खाऊन टाका, सहा महिन्यांनी पुन्हा लावा.

सापशिडीच्या आधी सरळ पट्टी

रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांमधल्या बालवाडीच्या मुलांना एक साधा पट दिला. एका ओळीत १ ते १० घरं. चकती फिरवायची, एक किंवा दोन घरं पुढे जायचं, घरातला आकडा मोठ्याने म्हणायचा. पंधरा-वीस मिनिटांचे जेमतेम चार-पाच डाव, तेवढ्यात मुलांची आकड्यांची समज सुधारली आणि नऊ आठवड्यांनीही ती टिकून होती. ज्यांच्या पटावर आकड्यांऐवजी रंग होते, त्यांना तो फायदा झाला नाही.

हा पट जुन्या कॅलेंडरच्या मागे पाच मिनिटांत तयार होतो. गोम एकच. सोंगटी ४ वर असताना दोन आले, तर 'एक, दोन' नाही म्हणायचं, 'पाच, सहा' म्हणायचं. सापशिडी त्यानंतर. तिच्या ओळी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे धावतात, तिथे मोठेही गडबडतात. आणि टॉवरमध्ये राहत असाल तर उभी पट्टी फुकट मिळालेली आहे, लिफ्ट! 'आपण तिसऱ्यावर, सातव्यावर जायला अजून किती?'

ट्वेंटी सेव्हन की सत्तावीस?

शाळा इंग्लिश, आजी मराठी, मध्ये पोराचं सँडविच. आपण २७ लिहितो दोन आधी आणि बोलतो सात आधी, सत्ता-वीस. त्यात 'एकोणतीस' म्हणजे तिसाला एक कमी, शब्दातच वजाबाकी! म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांची बाजू साधी होती, मुलांना सोपं जावं. तुमचं पिल्लू अजून बालवाडीत आहे, त्यामुळे या भांडणात पडायची गरज नाही. दहापर्यंत दोन्ही भाषा बिनधास्त चालू द्या. विसाच्या पुढे वस्तूंचे दहा-दहाचे ढीग करा, 'दोन ढीग आणि वर सात'. नाव कुठलंही घ्या, ढीग तोच.

महागडी किट्स घ्यायची खुमखुमी आली, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवा. १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी आदिवासी मुलांची बालवाडी चालवली ती खडे, पानं, बिया, शंख-शिंपले यांच्यावर. माँटेसरीचा विचार उचलला, महाग साधनं सोडून दिली. तुमच्या डब्यातला राजमा त्याच जातकुळीतला.

फक्त तीन वर्षांखालच्यांना राजमा, चिंचोके, वाटाणे देऊ नका, आणि त्याहून मोठ्यांनाही एकटं सोडून देऊ नका. या वयात बी मोजली जाते तितक्याच सहज नाकात जाते. त्यांच्यासाठी कांदे-बटाटे बेस्ट. खेळ संपल्यावर ते सोफ्याखालून गोळा करावे लागतात, तेही मोजून.